पाचव्या पायावरचे काटे

विश्वंभर वैशाखात वसमतच्या स्टेशनावर उतरला, तेव्हा त्यानं एक लाकडी पेटी छातीशी घट्ट धरली होती. पेटीत कॉलेजातली पितळी खुर्दबीन होती, डोळ्याला न दिसणारं मोठं करून दाखवणारी. गाडीवानानं पेटी घ्यायला हात पुढं केला, तर हा त्याच्यावर खेकसला. मग हट्टा या आपल्या गावापर्यंतचा सगळा रस्ता बैलगाडीचा एकेक हिसका स्वतःच्या हाडांवर झेलत, पेटी मांडीवर घेऊन तो बसून राहिला. घरात शिरल्यावर आईच्या पाया पडायच्या आधी त्यानं पेटी ठेवायला जागा शोधली. कालिंदीबाईंना ते खटकलं. पण वर्षाकाठी एकदा दिसणारा मुलगा, त्याला आल्या आल्या काय बोलायचं म्हणून त्या पाण्याचा तांब्या आणायला आत गेल्या.

त्यांचे यजमान व्यंकटराव तहसिलीत कारकून होते. ते गेल्यावर घरात तिघंच उरली. कालिंदीबाई, विश्वंभर आणि त्याच्या पाठची बरीच लहान तारा. विश्वंभर हैदराबादेत एम.एस्सी. करत होता. तो काहीतरी मोठा डॉक्टर होऊन राहिला आहे, एवढंच गावाला कळलं होतं. त्यामुळं तो आला की दारात दोनचार माणसं जीभ बाहेर काढून उभी राहायची. तो सांगायचा, मी माणसांचा डॉक्टर नाही, गुराढोरांचाही नाही. मग कशाचा, असं कुणी विचारलं की त्याची पंचाईत व्हायची.

खरं तर लहानपणी हा पोरगा असा नव्हता. वारुळातली राणी कशी असते ते बघायला यानं अख्खं वारूळ उकरलं होतं आणि महिनाभर सुजलेले हात घेऊन फिरला होता. आसना नदीच्या पात्रातले चकाकणारे दगड, घुबडाच्या ढोलीखाली पडलेली उंदरांची हाडं, सुगरणीची घरटी, सगळं घरात यायचं. याच्या खजिन्यापायी आईला केरसुणी फिरवायला जागा उरायची नाही. चंद्राला खळं कशानं पडतं, आणि पाण्यात काठी वाकडी का दिसते, हे विचारून त्यानं शाळेतल्या मास्तरांना भंडावून सोडलं होतं.

हैदराबादेत त्याला साहेब भेटले. साहेब म्हणजे त्याचे प्राध्यापक, विलायतेत शिकून आलेले, मोठे विद्वान, आणि माणूस म्हणूनही वाईट नव्हते. पण विद्या जितकी अरुंद तितकी धारदार, असा त्यांचा पक्का समज होता. पहिल्या वर्षी विश्वंभर त्यांच्याकडं आज हिवतापाच्या डासांचं काही विचारायला जायचा, उद्या फुलपाखराच्या अंड्यांचं. एक दिवस साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मियाँ, एक चीज पकडिये. बाकी दुनिया खुदा सँभाल लेगा."

विश्वंभरनं मनावर घेतलं. त्यानं एक चीज पकडली. विहिरीच्या साचलेल्या पाण्यात खसखशीच्या दाण्याएवढं एक जनावर असतं. कपाळावर एकच लाल डोळा, दोन लांब मिशा, आणि झटके देत देत पोहायची खोड. त्या जनावराच्या पाचव्या पायावर बारीक काटे असतात. ते काटे किती, कुठं आणि केवढे, यावरून त्याची जात ठरते. विश्वंभरचा प्रबंध त्या काट्यांवर होता. डोळ्यावर नाही, पोटावर नाही, अख्ख्या जनावरावर तर नाहीच नाही. दगड, हाडं, चंद्राचं खळं, सगळं त्यानं मनाच्या माळ्यावर टाकून दिलं, आणि हळूहळू त्याला त्याचा अभिमानही वाटायला लागला.

हट्ट्याच्या वेशीबाहेरच्या बारवेत ही जनावरं मायंदाळ होती. बारव जुनी, दगडी, खोल पायऱ्यांची. उन्हाळ्यात पाणी तळाला जायचं, मग बाया शेवटच्या पायरीवरून घोट्याएवढ्या पाण्यात उतरून घागरी बुडवायच्या. तारा रोज तिथूनच पाणी आणायची. घरात आल्यावर रांजणाच्या तोंडावर मांजरपाटाचं दुहेरी फडकं बांधलेलं असायचं, त्यातून गाळूनच पाणी आत जायचं. कालिंदीबाईंच्या सासूबाईंची ती शिस्त होती. ते गाळणं रोज धुवायचं, सोवळ्यात वाळवायचं, पुन्हा बांधायचं. काहून, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. घरची रीत, संपलं.

विश्वंभरनं पहिल्याच दिवशी त्या फडक्याकडं बोट दाखवलं.

"आई, हे काढ."

"काहून?"

"जनावरं वरच अडकतात ह्याच्यावर. चेंगरतात. त्यांचे पाय मोडले की माझ्या कामाचं काही उरत नाही. सबंध पाणी तसंच रांजणात ओतू दे, पाणी निवळलं की ती वर येतात, मी वरून वाटीनं घेत जाईन."

"न गाळता पाणी प्यायचं? ह्या घरात?"

"आई, ते सोवळ्याचं खूळ आहे गं. फडक्यानं पाणी शुद्ध होतं हे कुण्या पुस्तकात लिहिलंय? गाव पीत नाही का तसंच?"

कालिंदीबाई म्हणाल्या, गावाचं नको सांगू, गावाला काय काय होतं ते बघ. गावात उन्हाळा आला की घरोघर एखाद्याच्या पायाला नारू निघायचा. पायावर फोड यायचा, फोड फुटून पांढरा दोरा बाहेर डोकवायचा, आणि तो माणूस महिना महिना खाटेवर पडून राहायचा. या एका घरात मात्र तीन पिढ्यांत कुणाला नारू झाला नव्हता. लोक म्हणायचे, बारवेवरच्या महादेवाची या घरावर कृपा आहे. कालिंदीबाईही तसंच मानायच्या. त्यामुळं त्यांचं बोलणं फडक्यापर्यंत पोचलंच नाही, महादेवापाशी थांबलं. विश्वंभर हसला. तीन पिढ्या नारू नाही, ही गोष्ट लहानपणच्या विश्वंभरनं ऐकली असती, तर कारण शोधून काढेपर्यंत त्यानं कुणाला झोपू दिलं नसतं.

तारानं भावाची बाजू घेतली. तिला कारण होतं. विश्वंभरनं तिला सांगितलं होतं की बारवेतल्या जनावराच्या काट्यांची ठेवण कुठल्याच पुस्तकाशी जुळत नाही. ही जात नवी निघाली, तर तिला नाव द्यायचा हक्क आपला.

"मग कुणाचं देशील?"

"तुझं देईन. पाणी तू आणून राहिलीस ना?"

"माझं? पुस्तकात छापून?"

"छापून. आणि हे बघ, एकदा छापलेलं नाव मग कुणाला काढता येत नाही. राजे जातील, राज्यं जातील, तुझं नाव राहील."

तारा तेव्हा सोळा वर्षांची होती. तिचं नाव आजवर रेशनच्या कागदावरसुद्धा धड लागलं नव्हतं. तिनं त्याच दिवशी गाळणं सोडलं, घडी घालून देवघरातल्या फडताळात ठेवलं, आणि आईला म्हणाली, "दादाचं काम झालं की परत बांधू." सगळा उन्हाळा तिनं पाणी आणलं, आणि रांजणातल्या त्याच पाण्यावर घराचा स्वयंपाक झाला, तहान भागली. एवढ्या पायऱ्या चढून आणलेलं पाणी कोण फेकून देतं?

दुपारी ओसरीवर उन्हाचा कवडसा यायचा. विश्वंभर खुर्दबिनीचा आरसा त्याच्याकडं फिरवायचा आणि एक डोळा मिटून बसायचा. एकदा तो पाणी प्यायला उठला, तेव्हा तारानं डोळा लावला.

"दादा, ह्याच्या पोटात काय वळवळून राहिलंय?"

"कुठं?"

"हे काय. वेटोळं करून बसलंय. दोऱ्याचं बारीक टोक असावं तसं."

विश्वंभरनं बघितलं. त्यानं ते आधीही बघितलं होतं, कितीदा तरी. असं वेटोळं असलं की जनावराचं अंग फुगतं, पाय नीट पसरत नाहीत, काट्यांचं चित्र काढता येत नाही.

"नमुना खराब आहे तो. दे टाकून."

"पण आहे काय ते?"

"आपल्या कामाचं नाही ते, तारे. तू पायाकडं बघ."

तारानं काच तुळशीत झटकली आणि पुसून पुढं केली.

पुढच्या वर्षी ताराचं लग्न ठरलं. मुलगा कळमनुरीच्या शाळेत मास्तर होता. शांत, हसरा, सायकलवरून येऊन मुलगी बघून गेलेला. तारा आवडली म्हणून त्यानं तिथल्या तिथं होकार दिला, वडीलधाऱ्यांच्या निरोपाची वाटसुद्धा बघितली नाही. कालिंदीबाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. वैशाखातला मुहूर्त धरला. विश्वंभर चैत्रातच आला, पेटी घेऊन. लग्नाला मदतही होईल आणि शेवटच्या बरण्याही भरून होतील, असा त्याचा हिशेब होता.

तो आला तेव्हा ताराच्या घोट्याशी फोड आला होता.

पहिले दोन दिवस कुणी नारूचं नाव काढलं नाही. उष्णतेचा असेल, चप्पल लागली असेल, कालिंदीबाई लोणी लावत राहिल्या. आग इतकी व्हायची की तारा बारवेच्या खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायची. तेवढाच गारवा. तिसऱ्या दिवशी फोड फुटला आणि आत पांढरं टोक दिसलं. कालिंदीबाई देवघरात जाऊन महादेवापुढं बसल्या आणि त्यांनी तोंडावर पदर घेतला. तीन पिढ्यांत नव्हतं ते आपल्या पोरीच्या पायाला आलं, तेही लग्नाच्या तोंडावर, याचा त्यांना काही केल्या उलगडा होईना.

दगडोबा पाटलांच्या घरची चतुराबाई गावातले नारू काढायची. ती आली, तिनं ताराचा पाय मांडीवर घेतला, आणि केरसुणीची काडी मागितली. दोऱ्याचं टोक काडीला गुंडाळून तिनं एक वेढा दिला आणि थांबली.

"रोज सकाळी एवढंच निघंल, काकू. ओढायचं न्हाई. पोरगी कितीबी रडू द्या, ओढायचं न्हाई. आत तुटला की पाय गेला म्हणा."

"लग्नापर्यंत निघेल का?"

"त्याच्या मनावर हाय ते. कोणाचा आठ दिवसांत येतो, कोणाचा महिन्यानं."

आता घरातल्या तिघांचाही जीव त्या काडीला टांगलेला होता. मुहूर्ताआधी दोरा सबंध निघाला, तर तारा सात पावलं चालून सासरी जाईल. नाही निघाला, तर काय, हे कुणी बोलत नव्हतं. रोज सकाळी चतुराबाई यायची, एखादा वेढा द्यायची, तारा पदराचा बोळा दातांत धरायची. ओसरीवर विश्वंभर खुर्दबिनीत डोळा घालून बसलेला असायचा. त्याला बहिणीचं कण्हणं ऐकू येत होतं. पण नारू हा चतुराबाईचा प्रांत. आपल्याला त्यातलं काय कळतं? आपण आपला पाचवा पाय बघावा. आतल्या खोलीकडं त्याची पाठ होती आणि भिंगाखाली, त्या वर्षी जरा जास्तच, खराब नमुने येत होते. तो वैतागून एकेक टाकत होता.

मुहूर्ताला थोडे दिवस उरले असताना कळमनुरीहून मुलाची आत्या आणि काका अचानक साखर घेऊन आले. कालिंदीबाईंची धांदल उडाली. पाहुण्यांना काडी दिसली तर? या घरात नारू होत नाही, हे त्यांनीच बोलणीच्या वेळी अभिमानानं सांगितलं होतं. त्यांनी काडी पायाला आडवी बांधली, वरून धडपा गुंडाळला, आणि ताराला लांब निऱ्यांचं लुगडं नेसवलं. तारा भिंतीला धरून बाहेर आली, हसली, सरबत दिलं. आत्यानं कौतुकानं जवळ बोलावलं. तारा पाया पडायला वाकली, उठताना काडी निऱ्यांत अडकली, आणि तिला पायात काहीतरी तटकन तुटल्याचं कळलं. ती ओरडली नाही. पाहुणे गाडीत बसेपर्यंत उभी राहिली, मग ओसरीवरच कोसळली.

दुसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला. ताप चढला. वसमतहून डॉक्टरला आणलं, त्यांनी घोट्याला चिरा देऊन पू काढला. जगात महायुद्ध चालू होतं, त्या लढाईमुळं औषधं मिळत नव्हती, जी होती ती दिली. पोरगी वाचली, हेच खूप, असं म्हणून ते निघून गेले. मुहूर्त टळला. कळमनुरीहून निरोप आला, मुलीला बरं वाटू द्या, मग बघू. निरोप सभ्य होता. पावसाळा लागेपर्यंत तारा उठून बसली, पण घोटा आणि गुडघा दोन्ही आखडले ते आखडलेच. काठी घेऊन, पाय लाकडासारखा पुढं टाकत ती चालायला शिकली. कळमनुरीच्या मास्तरांचं लग्न दिवाळीनंतर झालं, हे गावात आधी कळलं आणि घरात मागाहून.

विश्वंभर हैदराबादेला परतला तो दुःखी होऊन. पण कामात त्याचा हात चांगला चालला होता, आणि दुःखावर तेवढा एकच उपाय त्याला माहीत होता. साहेबांनी त्याची चित्रं बघितली, दोन पुस्तकं ताडून बघितली, आणि उठून त्याचा हात हातात घेतला. जात नवी होती. साहेबांनी नाव विचारलं. पोरीच्या नशिबी आता दुसरं काय येणार होतं? निदान दिलेला शब्द तरी पाळावा. त्यानं ताराचं नाव सांगितलं. साहेबांनी त्याला लॅटिन शेपूट जोडलं आणि निबंध कलकत्त्याला छापायला गेला.

भाद्रपदात त्याच्या खुर्दबिनीच्या भिंगाला बुरशी धरली. लढाईच्या दिवसांत नवं भिंग कुठून आणणार? चैत्रात भरलेली एक बरणी अजून तपासायची राहिली होती. हिंगोलीचा रतनसिंग शेजारच्या इमारतीत डॉक्टरी शिकत होता, एका जिल्ह्यातला म्हणून ओळखीचा. विश्वंभर बरणी घेऊन त्याच्या प्रयोगशाळेत गेला. त्यानं पहिलाच थेंब काचेवर घेतला, बघितला, आणि वैतागून काच बाजूला केली.

"क्या हुआ?" रतनसिंगनं विचारलं.

"खराब नमुना."

रतनसिंगनं सहज ती काच उचलून आपल्या खुर्दबिनीखाली ठेवली, आणि हसायला लागला.

"अरे, खराब काहून? हा तर मस्त नमुना आहे. नारूची पिल्लं आहेत ह्याच्या पोटात. आमच्या मास्तरांना दाखवायला असा एक मिळत नाही. कुठलं पाणी हे?"

उत्तराची वाट न बघताच रतनसिंग आपल्या नादात सांगत सुटला. नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो, पिल्लं पाण्यात सुटतात. हे एकडोळं जनावर ती गिळतं. माणूस ते पाणी पितो, जनावर पोटात मरतं, पिल्लू नाही मरत. वर्षभर माणसाच्या अंगात वाढतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पायातून बाहेर येतं.

"आणि उपाय?" विश्वंभरला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"उपाय काय, काहीच नाही लागत. जनावर डोळ्यांना दिसतं एवढं मोठं आहे. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, बस. पण सांगणार कोण लोकांना?"

"हे कधी कळलं?"

"सत्तर एक वर्षं झाली असतील. आमच्या लायब्ररीत कपाटभर पुस्तकं आहेत. तुमच्या वाचनखोलीच्या भिंतीपलीकडंच तर आहे ती."

विश्वंभर त्या कपाटापाशी गेला आणि कॉलेज बंद करायला शिपाई येईपर्यंत उभ्यानं वाचत राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही. माणसाचं रक्त, पाण्याचे साठे, माश्या, डास, वाळवंटातल्या विहिरी, जे हाताला लागेल ते त्यानं वाचलं, लहानपणी दगड गोळा करायचा तशा हावरेपणानं. हे सगळं वाचायला त्याला कुणी मना केलं नव्हतं. साहेबांनी फक्त एक चीज पकडायला सांगितलं होतं. भिंतीपलीकडं जायचं नाही, हे त्याचं त्यानंच ठरवलं होतं. याचा त्याला इतका राग आला की रडूसुद्धा येईना.

तो साहेबांकडं गेला. प्रबंधात एक प्रकरण वाढवतो म्हणाला, नारूवर. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. "ये डॉक्टरों का काम है, मियाँ," ते म्हणाले. "आपका काम बहुत खूबसूरत है. उसे बिगाडिये मत." मग त्यानं विचारलं, त्या जातीचं नाव बदलता येईल का. साहेबांना हसू आलं. कलकत्त्याहून छापील पानं कालच आली होती.

घरी त्यानं एक कार्ड टाकलं. गाळणं परत बांधा, एक दिवसही चुकवू नका. कारण लिहायला हात धजला नाही. दिवाळीला तो गेला नाही, संक्रांतीलाही नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीला कॉलेज बंद झालं तेव्हा मात्र जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

या वेळी त्यानं पेटी गाडीवानाच्या हाती दिली. घरात शिरला तो आधी आईच्या पायांवर वाकला, आणि उठेचना. त्यांच्या घोट्यावरून, तळव्यांवरून, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवत राहिला. गेल्या उन्हाळ्यातही पाणी तसंच प्यायलं गेलं होतं. कातडी साफ होती. अजून तरी काही नव्हतं.

"किती पाया पडतोस रे," कालिंदीबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मुलगा बदलला, मायाळू झाला, असं त्यांना वाटलं. रांजणावर गाळणं बांधलेलं होतं. "काम झालं वाटतं तुझं? कार्ड आलं तशी मी लगेच बांधलं. मला तर त्या फडक्याबिगर रांजण उघडा-बोडका वाटत होता."

"झालं," विश्वंभर म्हणाला.

तारा उंबऱ्यापाशी पाय लांब करून बसली होती. वाळली होती, पण हसली.

"नाव दिलंस?"

"दिलं."

"छापलं?"

त्यानं छापील पान काढून तिच्या हातात दिलं. इंग्रजी तिला येत नव्हतं. त्यानं बोट ठेवून दाखवलं, तेव्हा तिनं त्या अक्षरांवरून नख फिरवलं. मग म्हणाली, "मला दाखव ना एकदा. माझं जनावर."

नाही म्हणायला त्याच्याजवळ काही कारण नव्हतं. शेजारच्या मंजुळाबाई बारवेवरून आल्या होत्या, त्यांच्या घागरीतलं वाटीभर पाणी त्यानं मागून घेतलं. आरसा उन्हाकडं वळवला. तारानं काठी बाजूला ठेवली, डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिली.

"किती देखणं आहे रे. मिशा बघ." मग ती थांबली. "दादा, ह्याच्या पोटात बी तेच आहे. वेटोळं. मी मागं बी विचारलं होतं, आठवतं? तू म्हणालास, नमुना खराब आहे."

तेच दोन शब्द पुन्हा म्हणता आले असते. विश्वंभरच्या ते जिभेवर आलेही. पण तो तिच्यासमोर खाली बसला आणि त्यानं सांगितलं. वेटोळं काय आहे ते सांगितलं, ते पोटात कसं जातं ते सांगितलं, मग फडक्याचं सांगितलं. सांगताना त्याची नजर तिच्या पायावरून हलत नव्हती. तारानं डोळा भिंगावरून काढला नाही.

"म्हणजे मी विचारलं, तवाच तू नीट बघितलं असतंस तर?"

"तर पुढं तरी थांबलं असतं. मला वाटलं, ते माझं काम नाही."

"आणि आता ह्याला माझं नाव आहे."

"हो."

"काढता नाही येत का रे?"

विश्वंभरनं नाही म्हणून मान हलवली. राजे जातील, राज्यं जातील, असं आपण कुठल्या तोंडानं म्हणालो होतो, ते त्याला आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आतून भांड्यांचा आवाज आला. कालिंदीबाई गाळणं सोडून धुवायला निघाल्या होत्या. तारानं दोन्ही हातांनी आपला आखडलेला पाय उचलून लुगड्याखाली घेतला आणि भावाच्या कानाशी लागली.

"आईला सांगू नको. तिनं ते काढू दिलं, ह्यापायी ती मरून जाईल."

कालिंदीबाई ओलं फडकं पिळत ओसरीवर आल्या. मुलगा जमिनीवर बसलेला, मुलगी खुर्दबिनीवर वाकलेली, असं कितीतरी दिवसांनी त्यांना दिसत होतं. "काय दिसून राहिलं गं एवढं?" त्यांनी कौतुकानं विचारलं.

"माझं जनावर आहे," तारा म्हणाली. "एकच डोळा आहे बघ त्याला."